जपानी हिरवा चहा: सेंचा, ग्योकुरो, होजिचा आणि त्यांची भावंडं

रानजाई

गेली सात वर्षं आम्ही हमामात्सूत राहतो. शिझुओका प्रांतातलं शहर. इथून लोकल गाडीनं अर्ध्या तासात काकेगावा येतं आणि तिथून पुढे नजर जाईल तिथवर चहाचे मळे. आवागाताके डोंगराच्या उतारावर झाडं लावून 'चहा' हे चित्राक्षर रेखलं आहे, ते आगगाडीच्या खिडकीतूनही दिसतं. मळ्यांत उंच खांब आणि त्यांच्या टोकाला पंखे. पहिल्या वर्षी मला वाटलं, वीज तयार करायचे असतील. पण एप्रिलच्या पहाटे हिमकण पडले की कोवळी पालवी जळते, म्हणून वरच्या थरातली उबदार हवा हे पंखे झाडांवर ढकलत राहतात.

पुण्याला आले की दर वेळी मी चहाची पाकिटं आणते, आणि चार-सहा महिन्यांनी फोनवर ठरलेलं वाक्य ऐकते: "छान आहे गं, पण कडू लागतो." त्या वाक्यासाठी हा धागा. कडूपणा बहुतेक वेळा पानाचा नसतो, पाण्याचा असतो. आणि प्रत्येक प्रकाराचं पाणी वेगळं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

सगळे प्रकार एकाच झाडाचे. आपल्या आसाम-निलगिरीच्या चहाचंही झाड तेच. जपानात पान खुडलं की त्याच दिवशी वाफवतात. वाफेनं पानातली विकरं थंडावतात आणि पान काळं पडायचं थांबतं. चीनमध्ये हेच काम बहुतेक ठिकाणी तापल्या कढईत होतं, म्हणून तिकडच्या हिरव्या चहाला खमंग वास येतो. जपानी चहाला येतो तो ताज्या गवताचा, मटार सोलताना हाताला येतो तसा. वाफवल्यानंतर पान मळत मळत वाळवतात आणि त्याची सुईसारखी गुंडाळी होते. तोच सेंचा. ही रीत क्योतो प्रांतातल्या उजीजवळच्या उजितावारा गावातल्या नागातानि सोएन यांनी १७३८ साली बसवली. त्याआधी साध्या माणसांचा चहा तपकिरी असे. जपानीत तपकिरी रंगाला आजही 'चाइरो' म्हणतात, म्हणजे चहाचा रंग.

सेंचातही वाफेचा फरक आहे. पाऊण मिनिटाच्या आत वाफवला तर 'आसामुशी': पान अख्खं राहतं, चहा फिकट पिवळसर आणि नितळ उतरतो, वास फार सुंदर. मिनिटाच्या पुढे, दोन मिनिटांपर्यंत वाफवला तर 'फुकामुशी': पान तुटतं, चुरा होतो, चहा गडद हिरवा आणि गढूळ उतरतो, चव मऊ. आमच्याकडच्या माकिनोहारा पठारावर ऊन फार, पान जाड आणि तुरट होतं. तो तुरटपणा मोडायला दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या लोकांनी जास्त वाफवायला सुरुवात केली. माझा रोजचा चहा हाच.

आता सावलीचा भाग. चहाच्या मुळांत थिआनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि पानात चढतं. त्याची चव गोडसर, भरीव. पानावर ऊन पडलं की त्यातून कॅटेचिन बनतं, आणि कॅटेचिन म्हणजे तुरटपणा. मग खुडणीच्या आधी झाडंच झाकली तर? आठवडा-दोन आठवडे झाकलं की होतो काबुसेचा. मिए प्रांतात तो सर्वांत जास्त पिकतो. वीसेक दिवस झाकलं की ग्योकुरो. पूर्वी वेताचे पडदे आणि भाताचा पेंढा टाकत, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. फुकुओकातल्या यामे भागात अजूनही पेंढ्यानं झाकणारे मळेवाले आहेत.

ग्योकुरो मी पहिल्यांदा केला तो भेट आलेला डबा उघडून, आपल्या सवयीनं, खळखळत्या आधणात. घोट घेतला आणि जीभ आखडली. शेजारच्या आजी त्या दिवशी पालेभाजी द्यायला आल्या होत्या. त्यांनी एक घोट घेतला, काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "मी करू का एकदा?" उकळलेलं पाणी त्यांनी एका वाडग्यात ओतलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. वाडगं तळहातावर धरून बघितलं. मग चार चमचे पाणी, हो, चारच, पानांवर सोडलं आणि दोन मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो. छोट्या पेल्यात ओतताना शेवटच्या थेंबापर्यंत किटली उपडी धरली. त्या चहाला चहा म्हणावं असं वाटेना. शेंगा उकडल्यावर तळाशी राहणारं दाट गोड पाणी असतं ना, त्याच्या जवळची चव, आणि घोट गिळल्यावरही ती कितीतरी वेळ घशात राहिली. त्याच डब्यातलं पान, तेच घर, तेच नळाचं पाणी.

ती वाडगी बदलण्याची रीत बघताना मला आपली बशी आठवली. आपण झालेला चहा बशीत ओतून गार करतो, हे लोक पाणी आधी गार करतात. त्यासाठी चोचीचं एक भांडंच असतं, 'युझामाशी' नावाचं.

माच्चाही सावलीतलाच, पण त्याचं पान मळत नाहीत. वाफवून सपाट वाळवतात, शिरा-देठ काढून टाकतात. उरतो तो 'तेंचा', आणि तो दगडी जात्यावर दळला की माच्चा. एक जातं तासाला जेमतेम ४० ग्रॅम दळतं. म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीमागे पाऊण तास जातं फिरलेलं असतं. जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि वास जातो.

मग घरगुती मंडळी. उशिराच्या खुडणीच्या मोठ्या पानांचा बांचा. देठाकाड्यांचा कुकिचा, हलका आणि गोडसर. चाळणीखालच्या भुकटीचा कोनाचा, सुशीच्या दुकानात मोठ्या पेल्यात येतो तो. भाजलेले तांदूळ घातलेला गेनमाईचा: त्यात काही दाणे लाह्यांसारखे फुटलेले असतात आणि उकळतं पाणी पडलं की स्वयंपाकघरात मुरमुरे भाजल्याचा वास सुटतो. आणि बांचा, सेंचा किंवा देठं विस्तवावर भाजून केलेला होजिचा, रंगानं तांबूस, वासानं खरपूस. कानाझावाकडे नुसत्या देठांचा होजिचा करतात, तो मला सगळ्यांत आवडतो. बांचा, गेनमाईचा आणि होजिचा हे तिन्ही उकळत्या पाण्यात, अर्ध्या मिनिटात.

माझं मत विचाराल तर सुरुवात सेंचानं करा. माच्चानं नको, ग्योकुरोनंही नको. सेंचा नीट जमला की पाण्याचा हात बसतो आणि बाकीचे आपोआप जमतात.

कोकणकडा

फार सुरेख लिहिलंत, रानजाईताई. वाचनखूण साठवली.

माझा अनुभव पिशवीवाल्या ग्रीन टीचा. ऑफिसात मशीनच्या गरम पाण्यात पिशवी सोडायची आणि मीटिंग संपेपर्यंत विसरायची. अर्थात कडू. पण मला एक कळत नाही, गार पाण्यात कडूपणा कमी आणि गोडी जास्त, हे होतं कसं? दोन्ही त्याच पानात ना? आणि घरात थर्मामीटर नसताना ७० अंश ओळखायचे कसे?

रानजाई

कोकणकडा, दोन्ही त्याच पानात, पण पाण्यात उतरायची घाई वेगवेगळी. थिआनिन कोमट पाण्यातही सहज उतरतं. कॅटेचिन आणि कॅफिन यांना उष्णता लागते. म्हणून पाणी ६० अंशांचं असेल तर गोडी येऊन जाते आणि तुरटपणा मागे राहतो. आधण ओतलंत तर सगळं एकदम येतं, आणि तुरटपणापुढे गोडी जिभेला सापडत नाही. पिशवी तासभर पाण्यात राहिली तर मग बोलायलाच नको.

थर्मामीटर मीही वापरत नाही. उकळलेलं पाणी चिनीमातीच्या थंड कपात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं. दुसऱ्या कपात ओतलं की आणखी तितकंच. म्हणजे सेंचासाठी दोन-तीन कप, ग्योकुरोसाठी चार. स्टीलचा पेला घेऊ नका, हात भाजतो आणि अंदाज चुकतो. कप तळहातावर धरवतो पण फार वेळ नाही, ते सेंचाचं पाणी. निवांत धरवतो, ते ग्योकुरोचं.

दोघांसाठी माझं माप: फुगीर दोन चहाचे चमचे पान (५-६ ग्रॅम), पाऊणदोनशे मिली पाणी, एक मिनिट. फुकामुशी असेल तर पाऊण मिनिट. मध्ये ढवळायचं नाही, किटली हलवायची नाही. दोन कपांत थोडा थोडा आलटून पालटून ओतायचा म्हणजे दोघांना सारखा चहा मिळतो, आणि किटलीत थेंब ठेवायचा नाही, नाहीतर दुसरा चहा कडू होतो. दुसऱ्या वेळी पाणी जरा जास्त गरम आणि दहाच सेकंद, कारण पान आधीच उलगडलेलं असतं.

आणि पाणी नळाचं घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर रंग मळकट येतो आणि चव बसते. जपानातलं पाणी बहुतेक हलकं आहे, हा चहा त्याच पाण्यावर वाढलाय.

पिंपळपान

क्योतोत शिकायला चार वर्षं होतो, म्हणून थोडं उजीच्या बाजूनं बोलतो.

रानजाईताई, फुकामुशीचं तुमचं प्रेम समजतं, तुमच्या अंगणातला चहा आहे. पण मला वाटतं त्यात पानाचा स्वभाव हरवतो. चव मऊ, रंग छान, मात्र दोन वेगळ्या मळ्यांचे फुकामुशी पुढ्यात ठेवले तर ओळखणं अवघड जातं. आसामुशीत डोंगरावरचं पान आणि सपाटीवरचं पान पहिल्या वासात कळतं. नितळ पिवळसर चहात लपायला जागा नसते.

आणि एक प्रकार राहिला, तो मी सोडू शकत नाही: क्योबांचा. मोठी पानं, देठासकट, न मळता वाळवलेली आणि मग जोरदार भाजलेली. पाकीट उघडलं की चुलीचा धूर. पहिल्या दिवशी वसतिगृहाच्या खोलीत मला आजीच्या घरची न्हाणी आठवली, बंबात लाकडं पेटवल्यावर यायचा तसा वास. क्योतोतल्या घरांत लहान मुलांनाही तो देतात, कॅफिन कमी म्हणून. तुम्ही घरगुती मंडळींना एका परिच्छेदात उरकलंत, पण जपानी घरात दिवसभर किटलीत असतं ते हेच.

रानजाई

पिंपळपान, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जेवणानंतर आजींकडेही होजिचाच असतो. सेंचा निघतो तो कुणी आलं की.

फुकामुशीबद्दल मात्र मी हटणार नाही. तुम्ही म्हणता तो नितळपणा मलाही कळतो, शिझुओकातच डोंगराकडच्या कावानेला फार चांगला आसामुशी होतो. पण नळाचं पाणी थोडं इकडेतिकडे असलं, वेळ दहा सेकंद चुकला, तरी फुकामुशी सांभाळून घेतो. शिवाय पानाचा बारीक अंश पेल्यात उतरतो, म्हणजे पाण्यात न विरघळणारंही पोटात जातं. पुण्यात पहिल्यांदा करणाऱ्या माणसाच्या हाती मी तोच देईन. फक्त गाळणं बारीक जाळीचं हवं, नाहीतर चुऱ्यानं किटलीची चोच तुंबते.

ताकमेथी

माच्चाबद्दल माझं गाऱ्हाणं. मागच्या महिन्यात इथल्या एका दुकानातून 'सेरेमोनियल' लिहिलेली डबी आणली. किंमत बघून हात थरथरला होता. उघडली तर रंग वाळलेल्या मेंदीसारखा, पाण्यात घातली तर तळाशी वाळू. लेकीनं हौसेनं बांबूची घुसळणीही मागवली होती. फेस काही आला नाही. आमचं चुकलं की डबीचं?

तीन घोट

ताकमेथी, डबीचं. मी तोक्योत पंधरा वर्षं आहे, माच्चा रोज एकदा करतो.

'सेरेमोनियल' या शब्दाला जपानात कायद्यानं ठरवलेला काही अर्थ नाही, कुणीही छापू शकतो. रंग बघा. चांगला माच्चा कोवळ्या गव्हाच्या रोपासारखा झगझगीत हिरवा असतो. पिवळट किंवा खाकी असेल तर एकतर पान सावलीत वाढलेलं नाही, किंवा डबी उन्हात-उकाड्यात जुनी झालेली आहे. पुष्कळ वेळा सेंचाचं पान दळून माच्चा म्हणून विकतात. जपानीत त्या भुकटीला 'फुनमात्सुचा' असं वेगळं नाव आहे. ती वाईट नसते, पण माच्चा नव्हे. बोटांच्या चिमटीत चोळून बघा: माच्चा टाल्कम पावडरसारखा लागतो, रव लागत नाही.

करताना आधी चाळून घ्या. २ ग्रॅम माच्चा, ७० मिली पाणी, ८० अंशांच्या आसपास. घुसळणी म्हणजे 'चासेन' कोमट पाण्यात भिजवून घ्या, मग काड्या तुटत नाहीत. आपण ताक घुसळतो तशी तळहातांत फिरवायची नाही, मनगटानं इंग्रजी एम काढल्यासारखी पुढेमागे हलवायची, वाडग्याच्या तळाला न टेकवता. जपानात होणारे चासेन बहुतेक नाराजवळच्या ताकायामा गावचे असतात, एकाच बांबूच्या कांडाला चिरून केलेले.

आता रानजाईताईंशी जरा भांडतो. ग्योकुरोनं सुरुवात नको असं का? मला जपानी चहा कळला तो ग्योकुरोच्या पहिल्या घोटानं. सेंचा दोन वर्षं पीत होतो, 'बरा आहे' यापलीकडे काही वाटलं नव्हतं. उंचावरून एकदा बघितलं की खालचे रस्ते कळतात.

रानजाई

तीन घोट, भांडा, पण तुमच्या हाती पहिला ग्योकुरो कुणी दिला होता?

तीन घोट

ऑफिसातल्या वयस्क सहकाऱ्यांनी. त्यांनीच केला होता.

रानजाई

तेच म्हणायचंय मला. करून देणारं माणूस समोर असेल तर ग्योकुरोनंच सुरुवात करावी, माझं स्वतःचंही तसंच झालं. पण पाकीट हातात घेऊन एकट्यानं ओट्याशी उभं राहायचं असेल तर ग्योकुरो फार कडक मास्तर आहे. पाणी दहा अंशांनी चुकलं तर महाग पान वाया, आणि माणूस म्हणतो 'आपल्याला नाही जमायचं'. सेंचा चुकला तरी पिण्याजोगा राहतो, आणि उद्या पुन्हा करता येतो.

अनुस्वार

मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून कॅफिनचं थोडं. "ग्रीन टीत कॅफिन नसतं" असा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

जपान सरकारच्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे १०० मिली तयार ग्योकुरोत १६० मिलिग्रॅम कॅफिन धरतात. तितक्याच कॉफीत ६०. सेंचात आणि होजिचात २०, बांचा आणि गेनमाईचात १०. ग्योकुरोचा आकडा मोठा दिसतो कारण तो १० ग्रॅम पानावर ६० मिली पाणी अशा दाट मापानं काढलेला आहे, आणि प्यायचाही असतो दोन-तीन घोटच. तरी रात्री नऊनंतर ग्योकुरो घेऊ नये. माच्चात तर अख्खं पानच पोटात जातं, त्यामुळे झोपेची तक्रार असणाऱ्यांनी तो सकाळीच घ्यावा.

दुसरं, जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला की पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. हे आपल्या दुधाच्या चहालाही लागू आहे. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्या बायकांनी तासाभराचं अंतर ठेवावं. आणि वजन उतरवण्यासाठी म्हणून कृपया कुणी पिऊ नका, चवीसाठी प्या.

रानजाई

अनुस्वार, मनापासून आभार. 'वजन' हा शब्द धाग्यात यायच्या आधी तुम्ही आलात.

जुना सातारकर

चर्चा वाचतोय. नोकरीनिमित्त बरीच वर्षं चहाच्या व्यापारात होतो, आसाम आणि कुन्नूरकडे. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली माकिनोहाराची. १८६८ साली शोगुनशाही, म्हणजे लष्करी सेनापतीची सत्ता, गेली तेव्हा शोगुनच्या पदरचे कितीतरी सामुराई त्याच्यामागून शिझुओकाला आले. पगार नाही, तलवारीला काम नाही. १८६९ पासून त्यांनी हे माळरान खणून चहा लावायला घेतला. शेजारच्या ओइ नदीवर शोगुनशाहीच्या काळात पूल बांधायला मनाई होती, हमाल प्रवाशांना खांद्यावर घेऊन पलीकडे नेत. नवं सरकार आलं, मनाई उठली, आणि त्या हमालांचंही पोट गेलं. त्यांच्यापैकी काही जण याच पठारावर आले. रानजाईताई रोज पितात तो चहा अशा लोकांनी लावलेल्या जमिनीतला आहे.

दुसरी आपल्याकडची. शोगुनच्या पदरच्या सामुराईंतलेच एक तादा मोतोकिची. त्यांना १८७६ साली जपान सरकारनं हिंदुस्थानात पाठवलं, काळा चहा कसा करतात ते शिकायला. दार्जिलिंग, आसाम फिरून त्यांनी बी नेलं आणि शिझुओकाजवळच्या मारिकोत लावलं. 'बेनिहोमारे' हा वाण त्या बियाण्याच्या वंशातला, आणि त्याचा दार्जिलिंगच्या वंशाशी संकर करून 'बेनिफूकी' झाला. आज बेनिफूकीचा काळा चहा होतो तसा हिरवाही होतो. आपल्या डोंगरातलं बी तिकडे जाऊन सेंचाच्या किटलीत उतरलं, याचं मला फार अप्रूप आहे.

वाणाचा विषय निघालाच आहे तर 'याबुकिता'चं नाव घ्यायलाच हवं. सुगियामा हिकोसाबुरो या शेतकऱ्यानं १९०८ साली बांबूचं बेट तोडून लावलेल्या रोपांतून तो निवडला. 'याबु' म्हणजे बेट, 'किता' म्हणजे उत्तर, उत्तरेच्या बाजूचं रोप म्हणून याबुकिता. जपानातल्या चहाच्या मळ्यांत निम्म्याहून जास्त तोच आहे, आणि ते मूळ झाड शिझुओका शहरात अजून उभं आहे.

रानजाई

काका, ते झाड बघून आलेय. कुंपण घातलंय, बाजूला पाटी. माणसापेक्षा उंच झालंय, कारण कुणी छाटत नाही. आपण मळ्यात कमरेएवढ्या रांगाच बघतो, हे एवढं मोठं होऊ शकतं हे लक्षातच येत नाही. हमालांचं मला माहीत नव्हतं. आजींना विचारते.

बेनिफूकी मिळाला तर जरूर प्या, पण तो तुरट असतो हे धरून. त्याला गरम पाणीच लागतं.

एक काळजीची गोष्टही लिहून ठेवते. माच्चाला जगभर एवढी मागणी आहे की सेंचाचे मळेवाले तेंचाकडे वळताहेत. २०२४ साली कच्च्या चहाच्या उत्पादनात कागोशिमा प्रांतानं शिझुओकाला पहिल्यांदा मागे टाकलं. तिकडे जमीन सपाट, मोठी यंत्रं चालतात. आमच्याकडे उतारावरचे छोटे मळे, आणि राबणारी माणसं सत्तरीच्या पुढची. काकेगावाच्या वाटेवर दर वर्षी एक-दोन मळे न छाटलेले दिसतात. रांग मोडते, फांद्या वर जातात, मध्येच कुठे चहाची पांढरी फुलं दिसतात. सुंदर असतात ती, पण बघवत नाहीत.

कोकणकडा

ताई, ताजा अहवाल. भाचा ओसाकाहून आला होता, त्याच्याकडून १०० ग्रॅमचं सेंचाचं पाकीट मिळालं. रविवारी सकाळी तेच पान दोन किटल्यांत घातलं. एकीत सरळ आधण, दुसरीत तीन कप फिरवून आणलेलं पाणी. बाबांना न सांगता दोन्ही दिले. ते बहात्तर वर्षांचे आहेत, आयुष्यभर सकाळी कोरा चहा पितात, गुळाचा. आधणातला चहा त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसरा पूर्ण प्यायला. मग म्हणाले, "यात गूळ घातलायस का?"

आता दोन प्रश्न. पाकीट उघडल्यावर ठेवायचं कुठे? फ्रीजमध्ये ठेवू का? आणि तीनदा चहा काढून झाल्यावर त्या पानांचं काय करता? इतकी कोवळी दिसतात की टाकवत नाहीत.

रानजाई

बाबांना माझा नमस्कार सांगा. ते जे म्हणाले तेच थिआनिन.

उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये नको. रोज आतबाहेर केलं की दमटपणा धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, आणि मसाल्याच्या मांडणीपासून लांब. चहा वास फार लवकर ओढून घेतो, गोडा मसाला शेजारी असेल तर आठ दिवसांत सेंचाला दगडफुलाचा वास येईल. महिन्याभरात संपवा. न उघडलेलं पाकीट मात्र फ्रीजमध्ये चालतं, फक्त उघडायच्या आधी बाहेर काढून घरातल्या हवेइतकं होऊ द्या.

उन्हाळ्यात त्यातलं १० ग्रॅम पान एक लिटर गार पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून बघा. तुरटपणा जवळजवळ नाहीच, आणि बाबांना तोही गोड लागेल.

पानं टाकू नका. आजी ग्योकुरोच्या पानांवर सोया सॉसचे दोन थेंब आणि लिंबाचा रस घालून भाताबरोबर वाढतात. सेंचाची जरा चरबट लागतात, म्हणून मी ती हातानं घट्ट पिळते, बारीक चिरते, भाजलेले तीळ, मीठ आणि गरम भातात कालवते. वरून तुपाची धार माझी, आजींना ती अजून मान्य नाही.